वाघमहाराजांचा रांजण आणि झाडावरचे अठरा अंश

एका जंगलात, म्हणजे तुम्ही गेल्या वर्षी सहलीला जाऊन वेफर्सची पाकिटं टाकून आलात त्याच जंगलात, एक वाघ राज्य करत होता. हसू नका. पाकिटं कोणी टाकली ते मला माहीत आहे.

तर वाघ. त्याला सगळे वाघमहाराज म्हणत. तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते तुमच्या वयाला शोभणारं नाही.

वाघमहाराजांना बिअर आवडायची. आता बिअर म्हणजे काय हे घरी विचारू नका. आईला विचारलंत तर ती बाबांकडे बघेल आणि बाबा एकदम पंख्याकडे बघायला लागतील. त्यापेक्षा मीच सांगतो. जव नावाचं धान्य असतं. ते भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं, गरम पाण्यात मुरवायचं. मग ते गोड पाणी गाळून कडू पाल्याबरोबर उकळायचं. निवलं की त्यात खमीर घालायचं. खमीर म्हणजे पाव फुगवतं ते. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. ते साखर खातात आणि त्या बदल्यात दारू आणि बुडबुडे देतात. आठवडाभर खातात, मग तळाशी जाऊन झोपतात. झाली बिअर.

दर फाल्गुनात, महाराज गादीवर बसले त्या दिवशी, बिअरचा एक रांजण त्यांच्या गुहेत जायचा. रांजण केवढा? तुमच्यातले दोघं आत बसतील आणि तिसरा वरून झाकण लावेल, एवढा. तो महाराजांना वर्षभर पुरायचा.

नियम साधा होता. पहिल्या दिवशी बिअर प्यायल्यावर दुसऱ्या सकाळी महाराजांचं डोकं दुखलं नाही, तर बिअर करणाऱ्याचा शाल देऊन सत्कार. दुखलं, तर बिअर करणारा नाश्त्याला. गेली अकरा वर्षं त्या शालीची घडी मोडली नव्हती.

आणि महाराजांचा स्वभाव असा, की केलेलं टाकवत नसे. करणारा संपला तरी रांजण उरायचाच. मग महाराज वर्षभर तीच बिअर प्यायचे, रोज सकाळी कपाळावर ओला पाला ठेवून पडून राहायचे आणि कोणी भेटायला आलं की म्हणायचे, "उद्या या." जंगलाचा कारभार अकरा वर्षं असा चालला होता. फार छान चालला होता, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी बिअर केली दगडोबा रानडुकरानं. मेहनती प्राणी. दगडोबा आता आपल्यात नाही.

या वर्षी चिठ्ठी निघाली गोजराक्काच्या नावाची.

गोजराक्का ही साळींदरीण. ओढ्याकाठच्या बिळात एकटी राहायची. तिच्या हातची नाचणीची आंबील चांगली होते असं कोणीतरी कुठेतरी म्हणालं होतं. एवढाच तिचा गुन्हा. म्हणून सांगतो मुलांनो, तुम्हाला काही चांगलं येत असेल तर पाहुण्यांसमोर बोलून दाखवू नका.

चिठ्ठी हातात घेऊन गोजराक्का थेट शेजारणीकडे गेली. शेजारीण म्हणजे चिमाबाई घोरपड. ती एका दगडावर पोट टेकून पडली होती. घोरपडी बहुतेक वेळ तेच करतात.

"चिमे, मी मरणार," गोजराक्का म्हणाली.

"कधी?"

"फाल्गुनात."

"मग अजून वेळ आहे. बस."

"मला भीती वाटतेय गं."

चिमाबाईनं एक डोळा उघडला. ती फार बोलणाऱ्यातली नव्हती. पण गोजराक्काचे काटे थरथरताना तिनं कधी पाहिले नव्हते. तिला गलबलून आलं.

"हे बघ," ती म्हणाली, "दगडोबाचं काय चुकलं ते मला माहीत आहे. तो रांजण एका रिकाम्या गुहेत ठेवून बसला होता. थंडीचे दिवस, गुहेत गारठा. मी ऊब शोधत फिरत होते. सगळ्या गुहेत एकच वस्तू ऊबदार होती."

"कोणती?"

"रांजण. जाळ नाही, ऊन नाही, आणि रांजण तापलेला. चार दिवस मी त्याच्यावर पोट टेकून झोपले. इतकी सुखाची झोप मला जन्मात लागली नाही. मी दगडोबाला म्हटलं, अरे, हा आतून तापतोय. तो म्हणाला, तुला काय कळतंय, तू तर कायमच गारठलेली असतेस."

आता हे नीट ऐका, कारण हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत. खमीर जेव्हा भरपेट खातं तेव्हा तापतं. लग्नाच्या पंगतीत तुमचे मामा सहाव्या जिलेबीला घामाघूम होतात, तसंच. हवा गार असली तरी रांजणाच्या पोटातली बिअर हवेपेक्षा पाच-सहा अंश गरम असते. रांजण जेवढा मोठा, तेवढी जास्त. आणि खमीर एकदा जास्त तापलं की त्याचं डोकं फिरतं. भलतंसलतं बनवायला लागतं. बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो, घशात आग होते आणि दुसऱ्या दिवशी पिणाऱ्याच्या कपाळात घण पडतात. उलट फार गार केलं तर खमीर अर्धं काम टाकून झोपून जातं. म्हणजे फार गरम नको, फार गार नको. हे सांभाळायचं पहिले चार दिवस. तेवढं जमलं की जमलं.

"पण मला कळणार कसं, किती गरम आहे ते?" गोजराक्कानं विचारलं.

"माझं पोट आहे ना. मला स्वतःची ऊब नाही. सावलीत पडले की मी सावलीएवढी गार. रांजणाला पोट लावलं आणि ऊब लागली, की तू त्याला गार करायचं. ऊब लागेनाशी झाली, की थांबायचं."

गोजराक्काला जरा धीर आला. तिनं माघात जव मोडवले, भरडले, उकळले. गोड पाणी निवेपर्यंत ती तीन वेळा उठून बघून आली. मग ते रांजणात ओतून खमीर घातलं आणि ओढ्याच्या काठाला सावलीत एक खड्डा खणला. खणण्यात साळींदरांचा हात कोणी धरणार नाही. खड्ड्यात ओढ्याचं पाणी सोडलं, त्यात रांजण अर्धा बुडवून बसवला आणि वरच्या अर्ध्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका ते मागे विसरून गेल्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली की गोणपाट गार पडायचं, आणि गोणपाटाआडचा रांजणही. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, चिमाबाईनं पोट लावून सांगायचं. पहिला दिवस मजेत गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले.

इथे तुम्हाला जंगलातली एक जुनी समजूत सांगायला हवी. जे आपणहून गरम होतं आणि आत बुडबुडतं, ते लेकुरवाळं, अशी ती समजूत. आंबायला ठेवलेला रांजण म्हणजे बाळंतीण. तिला भेटायला जायचं, तिची विचारपूस करायची आणि तिच्याविषयी सल्ला द्यायचा. सल्ला दिल्याशिवाय घरी जायचं नाही.

सगळ्यांत पुढे होत्या थोरल्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे रानगवीण. वजनानं आणि मतानं जंगलात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं. त्यांनी जंगलातल्या सात पिढ्यांची बाळंतपणं केली होती. ओल्या गोणपाटातला रांजण बघून त्या जागच्या जागी थबकल्या.

"गोजरे, बाळंतिणीला पाण्यात बसवलंस?"

"अहो आत्याबाई, ते आत तापतं, म्हणून."

"तापणारच. बाळंतीण आहे ती. तिला वारा लागता कामा नये. काढ ते ओलं आधी."

आत्याबाईंनी येताना गोधडी आणली होती. निखाऱ्यांची शेगडी आणली होती. ओव्याची धुरी आणली होती. डिंकाचे लाडूही आणले होते. रांजण लाडू खात नसे, म्हणून ते आत्याबाईच खात होत्या.

तेवढ्यात झाडावरून प्राध्यापक हुप्पे उतरले. हुप्पे हे वानर. ते परदेशात शिकून आले होते, म्हणजे नदीच्या पलीकडे. तिकडून त्यांनी एक थर्मामीटर आणला होता. तो एका सहलवाल्याच्या तंबूतून आणला होता, पण शिक्षणात अशा गोष्टी विचारायच्या नसतात.

हुप्पे सरांनी तो थर्मामीटर सागाच्या झाडाला अडकवला. रांजणापासून पाच हातांवर. थोडा वेळ डोळे बारीक करून बघितलं.

"अठरा," ते म्हणाले. "नदीपलीकडच्या ग्रंथांत अठराच लिहिलंय. अतिउत्तम."

"सर, ते झाडाचं झालं," गोजराक्का म्हणाली. "रांजणाचं काय?"

"झाड आणि रांजण एकाच हवेत आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

"पण रांजण आतून तापतो. चिमीच्या पोटाला कळतं ते."

हुप्पे सरांनी चिमाबाईकडे बघितलं. तिच्या पोटाकडेही बघितलं. मग ते आत्याबाईंना म्हणाले, "या ओल्या गोणपाटानं माझ्या आकड्यात ढवळाढवळ होते. काढून टाका."

आयुष्यात पहिल्यांदाच आत्याबाईंचं आणि शास्त्राचं एकमत झालं. दोघांनी तिथल्या तिथे रांजण संगोपन समिती काढली. अध्यक्ष आत्याबाई, सल्लागार हुप्पे सर. गोजराक्काला समितीत घेतलं नाही, कारण तिला कामातून वेळ मिळाला नसता.

समितीनं रांजण खड्ड्यातून वर काढला. आत्याबाईंनी एकट्यांनीच काढला म्हणा. त्याला गोधडीत लपेटलं, कडेला शेगडी ठेवली, धुरी दिली. गोजराक्का म्हणाली, अहो नको. ती दोनदा म्हणाली. एक टन वजनाच्या बाईला तिसऱ्यांदा नको म्हणायला वेगळी छाती लागते.

दुपार कलली. चिमाबाई गोधडीवर चढली, पोट टेकलं, आणि गाढ झोपून गेली. तोंडावर हसू, शेपूट सैल. गोजराक्कानं ते सुख पाहिलं आणि रांजण किती तापलाय ते ओळखलं. झाकणाच्या फटीतून केळ्याचा वासही यायला लागला होता, अगदी पुसट.

ती आधी थोडं रडली. मग तिला राग आला. आत्याबाईंचा आला, हुप्प्यांचा आला, आंबिलीचाही आला. आणि रागात माणसाला, म्हणजे साळींदराला, कधी कधी चांगलं सुचतं.

ती धावत आत्याबाईंकडे गेली. "आत्याबाई, चला लवकर. बाळंतिणीला ताप भरलाय."

आत्याबाईंनी रांजणाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई, अंग भाजतंय की. दृष्ट लागली कोणाची तरी. ती गोधडी काढ आधी. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या आण. आणि हिचे पाय गार पाण्यात सोडायला हवेत."

"पाय म्हणजे खालचा अर्धा रांजण?"

"बाळंतिणीचे पाय खालीच असतात, गोजरे. चल, धर."

अशा रीतीनं रांजण पुन्हा खड्ड्यात गेला. ओलं गोणपाट पुन्हा वर चढलं. फक्त आता ते गोणपाट नव्हतं, ती पट्टी होती. आणि तापात पट्टी ठेवणं आत्याबाईंच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी पुढचे तीन दिवस बसकण मारली नाही. पट्टी कोमट झाली की बदल, पाणी कोमट झालं की सोड नवं. गोजराक्का एकटी असती तर तिला एवढं कधीच जमलं नसतं. एकदा आत्याबाई डोंगरावरच्या झऱ्याचं बर्फासारखं पाणी आणायला निघाल्या, तेव्हा गोजराक्का घाईघाईनं म्हणाली, "एकदम उतरवला तर झटके येतात ना, आत्याबाई?" आत्याबाईंना ते पटलं. चिमाबाई येऊन पोट लावून जायची आणि कुडकुडत म्हणायची, "बरोबर आहे. अजिबात मजा येत नाहीये."

हुप्पे सर रोज येऊन झाड बघत. "अठरा," असं वहीत लिहून घेत. पट्ट्यांकडे बघून एकदा म्हणाले, "काय करायचं ते करा, झाडाला हात लावू नका."

पाचव्या दिवशी ताप उतरला. आत्याबाईंनी रांजणाची दृष्ट काढली, मोहरी-मिरच्या ओवाळून टाकल्या, आणि राहिलेला एक लाडू खाल्ला. पुढे काही दिवस रांजण शांत बसला. खमीर तळाशी झोपलं आणि वरची बिअर नितळ झाली.

फाल्गुन आला. रांजण गुहेत गेला. महाराज प्यायले.

दुसऱ्या सकाळी सगळं जंगल गुहेसमोर जमलं. गोजराक्का मधोमध उभी होती. बाकीचे तिच्यापासून पुरेसं अंतर राखून होते. ती काटे विंचरून आली होती. कसंही झालं तरी नीटनेटकं दिसावं, असं तिला वाटत होतं. शेजारी फक्त चिमाबाई होती, आणि तिनं आपली शेपटी गोजराक्काच्या पायाला लावून ठेवली होती.

सूर्य उगवला आणि महाराज बाहेर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचे दोन्ही डोळे एका वेळी उघडे होते.

"डोकं," महाराज म्हणाले, आणि थांबले. त्यांनी मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. "डोकं दुखत नाही."

गोजराक्का मटकन खाली बसली. सत्कार झाला. शाल तिच्या काट्यांवर पांघरल्याबरोबर शालीची चाळण झाली, पण मान तो मान. हुप्पे सरांनी 'अठराचे यश' या विषयावर भाषण केलं. आत्याबाईंनी बाळंतपणं कशी करावीत यावर केलं. महाराजांनी गोजराक्काला कायमची राजबिअरकर्ती नेमलं. सगळे घरी गेले आणि सुखानं राहू लागले.

गोष्ट संपली असं वाटलं ना? दप्तर आवरायला लागलात. बसा खाली.

आता नितळ बिअरचा अख्खा रांजण गुहेत होता. महाराज रोज संध्याकाळी पीत आणि रोज पहाटे ताजेतवाने उठत. अकरा वर्षांनी त्यांना जंगल दिसायला लागलं. आणि राजाला राज्य दिसायला लागलं की तो ते सुधारायला घेतो.

पहिल्या आठवड्यात महाराजांनी सकाळी सहाची हजेरी लावली. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला बोलावून विचारलं, "तू नेमकं काय करतोस?" सशांना उत्तर देता आलं नाही. मोरांना नाचण्याआधी अर्ज करायला लावला. घुबडांची दिवसपाळी सुरू केली. कोकिळेची आणि कावळ्याची घरट्यांवरून चौकशी लावली, त्यात निम्म्या जंगलाचे संसार उघडे पडले.

शिकारीचंही तेच. पूर्वी महाराज डोळे मिटूनच झडप घालायचे. सापडलं तर एखादं थकलेलं हरीण सापडायचं, नाही तर झुडूप. आता नेम चुकेना. आता ते निवडून घेऊ लागले. पावसाळा सरेपर्यंत हरणांचा कळप निम्मा झाला.

दिवाळीच्या सुमाराला आत्याबाई शिष्टमंडळ घेऊन गोजराक्काच्या बिळाशी आल्या. सोबत हरणं होती, ससे होते, झोपेनं तारवटलेली घुबडं होती.

"गोजरे," आत्याबाई म्हणाल्या, "तू बिअर चांगली केलीस. असं का केलंस?"

"मला जगायचं होतं, आत्याबाई."

"आम्हालाही जगायचंय. येत्या फाल्गुनात बिअर वाईट कर."

"म्हणजे त्यांचं डोकं दुखेल आणि ते मला खातील."

एका सशानं घसा साफ केला. "तुमचं श्राद्ध आम्ही दर वर्षी घालू," तो म्हणाला.

"मी घालीन," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं."

त्या खरंच कळवळून म्हणाल्या हो. त्यांचा गोजराक्कावर जीव होता. पण परवा त्यांच्या वासराला महाराजांनी वजन विचारलं होतं.

शिष्टमंडळ गेलं. गोजराक्का दाराशी बसून राहिली. बिअर चांगली केली तर हरणं मरणार. वाईट केली तर ती मरणार. रोज सकाळी ओढ्यावर पाण्याला येणारी हरणं तिला तोंडओळखीची होती. गेल्या वर्षी सात यायची, आता तीन येत होती. तिला झोप लागेना, खाणं जाईना.

"चिमे, काय करू?"

"बिअर वाईट व्हायला हवी, आणि ती तू करायला नकोस," चिमाबाई म्हणाली आणि दगडावर कूस बदलली.

"म्हणजे दुसऱ्या कोणाला मरायला पाठवू? मला नाही जमायचं ते."

"पाठवू नकोस. कोणी आपणहून निघालं तर वाट अडवून खरं काय ते सांग. तेवढं तुझ्या हातात."

कोणी आपणहून निघेल असं गोजराक्काला वाटलं नव्हतं. पण आठवडाही झाला नाही, आणि प्राध्यापक हुप्प्यांनी महाराजांकडे अर्ज केला. अर्ज लांबलचक होता. त्याचा अर्थ असा, की बिअर चांगली झाली ती अठरा अंशांमुळे, अठरा अंश मोजले मी, आणि शाल मिळाली एका बीळ खणणाऱ्या बाईला. हा विद्वत्तेचा अपमान आहे.

महाराजांनी दोघांना बोलावलं. त्यांचं डोकं स्वच्छ होतं, त्यामुळे प्रश्नही स्वच्छ होता.

"गोजरा, हे म्हणतात श्रेय त्यांचं. तुझं म्हणणं काय?"

"महाराज, त्यांनी झाड मोजलं. मी रांजण गार ठेवला."

"सर, रांजण गार ठेवायची गरज आहे?"

"शास्त्राप्रमाणे मुळीच नाही," हुप्पे सर म्हणाले.

"मग या वर्षी तुम्ही करा," महाराज म्हणाले. मुलांनो, डोकं दुखत नाही म्हणजे ते चालतंच असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे नोकरीत उपयोगी पडेल.

गुहेतून बाहेर पडल्यावर गोजराक्कानं हुप्प्यांना गाठलं.

"सर, खरं सांगते. रांजण झाडापेक्षा गरम असतो. पहिले चार दिवस पाण्यात ठेवा. नाही तर तुमचा जीव जाईल."

हुप्पे सर हसले. "तुमचा मत्सर मी समजू शकतो."

माघात त्यांनी बिअर घातली. रांजण आपल्या ढोलीत, कोरड्या जागी ठेवला, आणि थर्मामीटर बाहेर फांदीला. तिसऱ्या दिवशी गोजराक्का पुन्हा गेली. ढोलीच्या तोंडाशीच केळ्याचा वास येत होता. आत रांजणावर चिमाबाई पसरली होती आणि मोठ्यानं घोरत होती.

"सर, वाटल्यास माझं ऐकू नका. फक्त एकदा रांजणाला हात लावून बघा."

"हात हे शास्त्रीय उपकरण नव्हे," हुप्पे सर म्हणाले.

"एकदाच. मी पाया पडते."

आणि ती खरोखर पाया पडली. साळींदर पाया पडलं की ज्याच्या पाया पडतं त्याला टोचतं. हुप्पे सर तुसडेपणानं मागे सरले, फांदीवर चढले, थर्मामीटर बघितला आणि वहीत अठरा लिहिलं.

ती परत निघाली तेव्हा खाली हरणं उभी होती. त्यांनी विचारलं, "लावला का हात?"

"नाही."

हरणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गोजराक्काला त्यांचा राग आला. मग आपल्यालाही आत कुठेतरी हायसं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःचा राग आला.

फाल्गुनात रांजण गुहेत गेला. दुसऱ्या सकाळी महाराज फार उशिरा बाहेर आले. एक डोळा मिटलेला होता. आवाज करू नका, असं ते पंजानं सांगत होते. हुप्पे सर वही उघडून पुढे झाले आणि म्हणाले, "महाराज, चारही दिवस अठरा."

ते त्यांचे शेवटचे शब्द. आकडा बरोबर होता.

रांजण भरलेलाच होता. केलेलं टाकवत नाही, म्हणून महाराज त्यातलीच पीत राहिले. तिसऱ्या दिवसापासून सहाची हजेरी बंद झाली. मोर अर्जाशिवाय नाचू लागले. घुबडं दिवसभर झोपली. महाराजांनी कपाळावर ओला पाला ठेवला आणि भेटायला आलेल्याला म्हणाले, "उद्या या." सगळ्या जंगलाला हे ऐकून भरून आलं.

फक्त गोजराक्का चार दिवस जेवली नाही. तिला हुप्पे मुळीच आवडत नव्हते, तरी ती त्यांच्यासाठी रडली. आत्याबाई तिला समजवायला आल्या. येताना डिंकाचे लाडू घेऊन आल्या.

"तू सांगितलंस ना त्यांना?"

"तीनदा सांगितलं."

"मग झालं तर. खा."

गोजराक्कानं लाडू हातात घेतला. "पण पुढच्या फाल्गुनात कोणाला मरायला सांगणार, आत्याबाई?"

"सांगायचं काय त्यात," आत्याबाई म्हणाल्या. "समितीनं नदीपलीकडे कळवलं होतं, की जंगलात तज्ज्ञाची जागा रिकामी आहे. आधीच्या तज्ज्ञाचं काय झालं तेही स्पष्ट लिहिलं होतं. आपण फसवणारी माणसं नव्हेत."

"मग?"

"सतरा अर्ज आलेत. सगळे म्हणतायत, हुप्प्यांचा थर्मामीटर नीट नसणार."

तात्पर्य : घरी बिअर घातलीत तर झाड मोजू नका, रांजण मोजा आणि पहिले चार दिवस त्याला गार पाण्यात बसवा. मात्र ती बिअर राजा पिणार असेल, तर रांजणाला गोधडी पांघरा, तज्ज्ञाला बोलवा, आणि त्याला खरं काय ते तीनदा सांगा. तो ऐकणार नाही, याची खात्री असली की खरं बोलायला काही हरकत नसते.